मागच्या खोलीला दुसरा हात

१

रंग उरला, तिथून हे सगळं सुरू झालं.

रंग कमी पडणं मिस्त्रीला नवीन नव्हतं. तीस वर्षं त्याने भिंतींच्या संगतीत काढली होती, आणि जुनी भिंत किती रंग पिते हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण अंदाज चुकून रंग उरला, असं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. खोलीत एक चक्कर मारायची, टेप लावायचा आणि डबे सांगायचे. शेवटचा डबा आणि शेवटची भिंत एकदमच संपायची. त्याचा मेहुणा त्याच्या जोडीने काम करायचा, चाळिशी ओलांडलेला, दिवसभर शीळ घालणारा माणूस. तो म्हणायचा, "दाजी, तुम्ही डॉक्टर झाला असता, तर पेशंट आणि औषधाची बाटली एकाच दिवशी संपली असती."

इमारत चार मजली होती आणि माणसं आत राहत असतानाच तिचं काम काढलं होतं. बाहेरून बांबूची परांची, परांचीवर हिरवी जाळी. त्यामुळे भर दुपारीसुद्धा घराघरांत तळ्याच्या तळाशी असावा तसा उजेड असायचा. राहत्या घराचं काम म्हणजे डोक्याला ताप. एका हाताने ब्रश चालवायचा आणि दुसऱ्या हाताने लोकांचे सोफे, आरसे आणि स्वभाव सांभाळायचे.

तिसऱ्या मजल्यावरच्या घरात तिघं होती. साहेब, त्यांची बायको आणि साहेबांची आत्या. साहेबांच्या बायकोला सगळे ताई म्हणत. साहेबांची आई ते लहान असतानाच गेली होती आणि आत्याने त्यांना वाढवलं होतं. स्वतःचं लग्न तिने त्यातच राहू दिलं. आता ती ऐंशीच्या घरात होती, गुडघे गेले होते, आणि घराच्या मागच्या बाजूच्या खोलीत पलंगावर बसून ती दिवसभर राखाडी लोकरीचं काहीतरी विणत असायची.

"आत्यांच्या खोलीपासून सुरुवात करा," ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "त्यांना हलवायची गरज नाही. पलंग मधे घ्या, झालं. त्यांचा काही त्रास नसतो."

मिस्त्रीने टेप लावला. अकरा बाय नऊ. खिशातल्या डायरीत लिहून ठेवलं. पलंग मधोमध ओढला, आत्यासकट, आणि जमिनीवर प्लास्टिक अंथरलं.

"कुणासाठी विणताय, आत्या?" त्याने सहज विचारलं.

"बोटांसाठी," आत्या म्हणाली. "रिकामी राहिली की नको त्या गोष्टी आठवतात त्यांना."

भिंती खरवडून झाल्या, भेगांत पांढरी लांबी भरून झाली, प्रायमर झाला. तिसऱ्या दिवशी रंगाचा पहिला हात दिला. आणि मिस्त्रीने डब्यात डोकावलं, तर चौथाई डबा शिल्लक.

"पाणी जास्त घातलंत वाटतं," मेहुणा म्हणाला.

"तुला रंगात पाणी घालायला कोणी शिकवलं रे?"

"तुम्हीच."

"मग गप्प बस."

पण त्याच संध्याकाळी हॉलमध्ये काम करणाऱ्या मेहुण्याचा रंग कमी पडला. मोजून चौथाई डबा.

२

दुसरा हात द्यायला मिस्त्री मागच्या खोलीत शिरला, तेव्हा घोडा उघडेना. घोडा म्हणजे त्याची दोन पायांची शिडी. आदल्या दिवशी पलंग आणि भिंत यांच्यामध्ये ती पाय पसरून आरामात उभी राहिली होती. आता एक पाय पलंगाला अडत होता, दुसरा भिंतीला. पलंग सरकला असेल म्हणून त्याने वाकून पाहिलं. पलंगाच्या पायांचे ठसे प्लास्टिकवर होते तिथेच होते.

शिडी भिंतीला टेकवून त्याने हात उरकला. या वेळी अर्धा डबा उरला.

मग तो थांबला. हात पुसले. टेप काढला.

दहा बाय आठ.

त्याने डायरी उघडली. अकरा बाय नऊ, स्वतःच्याच अक्षरात. टेपचं टोक वाकलं असेल, म्हणून त्याने मेहुण्याचा टेप मागून घेतला. दहा बाय आठ. मग दोन्ही हात फैलावून भिंतीपासून भिंतीपर्यंत पाहिलं. हातांनी टेपचीच री ओढली.

"काय मोजताय?" आत्याने विचारलं. सुया थांबल्या नव्हत्या. टक, टक, टक.

"काही नाही. खोली."

"किती भरली?"

"दहा."

"कालपेक्षा कमी," ती म्हणाली, बाहेर ऊन उतरलं म्हणावं तशी.

मिस्त्री हसला. म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्यावर हसतात तसा. ती हसली नाही, तेव्हा त्याचंही हसू ओठांवरच वाळलं.

"दाजी!" हॉलमधून मेहुण्याची हाक आली. "इथे अजून एक डबा लागणार! हा हॉल आहे की मैदान!"

३

घरी त्याने बायकोला सांगितलं. ती भांडी पुसत होती.

"अहो, पहिल्या दिवशी चुकीचं लिहिलं असेल तुम्ही."

"मी?"

"का, तुमच्या हातून चूक होत नाही? लग्नात दोन चपला वेगवेगळ्या घालून आला होता."

मिस्त्रीला बरं वाटलं. चूक आपली आहे म्हटलं की जग जागच्या जागी राहतं. डायरीतला आकडा चुकला, शिडी भलत्या ठिकाणी लावली, पाणी जास्त पडलं. प्रत्येक गोष्टीला एक कारण होतं आणि प्रत्येक कारण चालण्यासारखं होतं. फक्त सगळी कारणं एकाच खोलीत एकदम गोळा झाली होती.

"त्या आत्यांना वासाचा त्रास होत नाही का?" बायकोने विचारलं. "खोलीतच बसवून ठेवलंय म्हणता."

"तक्रार करत नाहीत."

"तक्रार नाही केली म्हणजे त्रास नाही होत, असं कुठे आहे?" ती म्हणाली आणि ताटं मांडणीवर लावायला वळली.

४

दुसऱ्या दिवशी ताईंनी त्याला मागच्या खोलीच्या दारात बोलावलं. त्या आत आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच बोट दाखवलं.

"हा कोपरा बघा. डाग दिसतोय. अजून एक हात मारून टाका या मागच्या खोलीला."

आधी त्या 'आत्यांची खोली' म्हणायच्या. ते मिस्त्रीच्या कानात अडकलं, पण शब्दावरून कोणाला काय विचारायचं?

कोपऱ्यात डाग नव्हता. तरी त्याने हो म्हटलं, कारण त्याला एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा होता. या वेळी त्याने टेपवर भरवसा ठेवला नाही. खोलीत फुटाफुटाच्या फरशा होत्या. त्याने प्लास्टिक गुंडाळलं आणि लांबीकडून मोजल्या. पूर्ण दहा. रुंदीकडून आठ. कडेच्या फरशीवर, भिंतीला लागून, त्याने पेन्सिलीने फुली मारली. मग तिसरा हात दिला, आत्याच्या डोक्यावरून, आत्याच्या पाठीमागून. रोलर फिरायचा तसा एक ओला आवाज यायचा, आणि त्यात सुयांची टकटक मिसळायची.

"मिस्त्री," ती मध्येच म्हणाली, "तुमचा हात चांगला आहे. कुठे रेघ राहत नाही."

तीस वर्षांत असं कौतुक कोणी केलं नव्हतं. तो मात्र भिंतीकडे तोंड करून रोलर फिरवत राहिला.

सकाळी येऊन त्याने पहिलं काम केलं ते फरशा मोजायचं. आठ आणि सहा. फुली दिसेना. कडेची फरशी कापलेली नव्हती, फुटलेली नव्हती. भिंत तिच्यापुढे उभी होती, इमारत बांधली त्या दिवसापासून तिथेच असावी तशी. त्याने बोटाच्या पेराने भिंत वाजवली. भरीव. जुनी, थंड, भरीव भिंत.

तो तडक साहेबांकडे गेला. साहेब हॉलमध्ये पेपर वाचत होते. हॉल एवढा मोठा झाला होता की त्यांच्यापर्यंत पोचायला मिस्त्रीला पाच-सहा पावलं जास्त चालावं लागलं.

"साहेब, मागची खोली लहान होतेय."

साहेबांनी पेपर खाली घेतला. सज्जन चेहऱ्याचा माणूस. "लहान म्हणजे?"

"तुम्ही एकदा येऊन बघा. आत्या आत आहेत."

"आत्या," साहेब म्हणाले. शब्द ओळखीचा वाटावा पण माणूस आठवू नये, तसं झालं त्यांना. "माझी आत्या फार चांगली होती. मला शाळेत सोडायला यायची. पावसात स्वतः भिजायची, छत्री माझ्यावर."

"होती?"

"म्हणजे, आहे. आत असेल." त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी ते मनगटाने पुसले. "रंगाचा वास डोळ्यांत जातो हो फार," असं म्हणून त्यांनी पेपर पुन्हा वर धरला.

त्या दिवशी ताईंनी चहाचे दोनच कप आणले. एक मिस्त्रीला, एक मेहुण्याला. आतापर्यंत ट्रेमध्ये तिसरा असायचा.

मिस्त्रीने स्वतःचा कप नेऊन आत्याला दिला आणि मनाशी ठरवलं, या खोलीला आता ब्रश लावायचा नाही.

५

पुढचा दिवस त्याने मुद्दामच बाहेर, परांचीवर काढला. चौथ्या मजल्याच्या भिंतीला उन्हात घासकागद मारताना त्याला मोकळं वाटलं. काम थांबवलंय, खोलीही थांबली असेल. दोन दिवसांत तिसरा मजला उरकायचा आणि मागे वळून बघायचं नाही.

संध्याकाळी मेहुणा खाली हात धूत होता.

"मागची खोली उरकून टाकली, दाजी. ताई सारख्या मागे लागल्या होत्या. दोन हात दिले. अर्ध्या तासाचं काम."

"कोणी सांगितलं तुला?" मिस्त्री ओरडला.

"अहो, एवढीशी तर खोली. अडगळीची. त्यात काय एवढं?"

"आत म्हातारी बसली होती ना!"

मेहुण्याने त्याच्याकडे पाहिलं. थट्टा चाललीय की काय ते त्याला समजेना. "कोण म्हातारी?" तो म्हणाला, आणि शीळ घालत ब्रश झटकायला लागला.

मिस्त्री दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला.

पलंग आता भिंतीपासून भिंतीपर्यंत अगदी ठोकून बसवल्यासारखा झाला होता. पाय ठेवायला एका फरशीएवढी जागा होती. खिडकीची डावी झडप भिंतीच्या आत गेली होती आणि उजव्या झडपेतून हिरव्या जाळीचा उजेड एका पट्ट्यासारखा आत्याच्या मांडीवर पडला होता. ती पाय पोटाशी घेऊन बसली होती. हात फिरवायला जागा नव्हती, म्हणून सुया तिने उभ्या धरल्या होत्या. टक, टक.

"चला," मिस्त्री म्हणाला. "उठा. आधी इथून बाहेर निघा."

"गुडघे ऐकत नाहीत."

त्याने तिला उचललंच. वजन असं काही नव्हतं, रिकाम्या गोणीएवढं. लोकरीचा गुंडा तिच्या मांडीवरून पडला आणि धागा सोडत त्यांच्या मागे मागे हॉलपर्यंत घरंगळत आला. त्याने तिला सोफ्यावर, अगदी मधोमध बसवलं.

"ताई! आत्या इथे बसल्यात. आज त्यांना इथेच झोपू द्या."

ताई स्वयंपाकघरातून आल्या. "हो, हो," त्या म्हणाल्या. "बरं झालं आठवण केलीत. सोफा तसाच उघडा राहिला होता." दाराजवळची प्लास्टिकची चादर त्यांनी उचलली, झटकली, आणि सोफ्यावर टाकली. आत्याच्या डोक्यावरून, खांद्यांवरून, गुडघ्यांवरून. मग दोन्ही हातांनी ती नीट केली. जिथे उंचवटा होता तिथे प्रेमाने थोपटली, सुरकुती काढली, टोकं गादीखाली खोचली.

"रंग उडतो ना," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

प्लास्टिकच्या आत तोंडासमोर वाफ धरत होती आणि विरत होती. धरत होती आणि विरत होती.

मिस्त्रीने चादर ओढून काढली. आत्याचे केस विस्कटले होते. तिने ते हाताने सारखे केले.

"बघितलंत?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मी काल रात्री भिंत धरत धरत येऊन बसले होते इथे. तेव्हा ती मला पुसून काढत होती. फडक्याने."

६

ती थोडा वेळ तशीच बसली. मिस्त्री तिच्यासमोर उकिडवा. परांचीवरची माणसं घरी गेली होती, इमारत शांत होती. कुठल्यातरी मजल्यावर नळ गळत होता.

"तुम्ही इथून निघा, आत्या."

"कुठे जाऊ?"

"कोणी नातेवाईक?"

"होता एक," ती म्हणाली आणि बंद दाराकडे पाहिलं. त्या दारामागे साहेब बातम्या ऐकत होते.

"कोणी मैत्रीण, शेजारी?"

"सगळे गेले. मीच मागे राहिले. आणि कुठे, मिस्त्री?"

असं म्हणून तिने त्याच्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं. तिने काही मागितलं नाही, सुचवलंही नाही. पण मिस्त्रीला कळलं की आता एक वाक्य बोलायचं आहे, ते त्यानेच बोलायचं आहे, आणि ते चार शब्दांचं आहे. माझ्या घरी चला आत्या. ते त्याच्या जिभेवर आलंसुद्धा. मग त्याला दीड खोली आठवली. जिना आठवला. हिचे गुडघे, हिची औषधं. बायकोला काय सांगायचं, मेहुण्याला तर ही दिसतही नाही. आणि ही उद्या आपल्याही नजरेतून उतरली तर?

"बघू," तो म्हणाला. "उद्या काहीतरी करू."

"हो," आत्या म्हणाली. "उद्या बघू."

तिने हात पुढे केला. त्याला वाटलं, उठायला आधार हवा आहे. त्याने तिला पुन्हा उचललं, आणि तिने मागच्या खोलीकडे मान वळवली, तेव्हा तिकडेच नेलं. स्वतःच्या हातांनी पलंगावर ठेवलं. दार लावून घेताना त्याला आतून ऐकू आलं, टक, टक, टक.

७

सकाळी मागच्या खोलीला दार नव्हतं.

दाराच्या जागी एकसंध भिंत होती. गुळगुळीत, रेघ नसलेली, त्याच्याच हातची वाटावी अशी. रंग अजून किंचित ओला होता. "हे कोणी केलं?" असं त्याने मेहुण्याला विचारलंही नाही. मेहुणा पलीकडे शीळ घालत खिडकीच्या चौकटीला रंग देत होता.

भिंतीत फक्त खाली, फरशीला लागून, दोन बोटांची फट राहिली होती. फटीतून राखाडी धागा बाहेर आला होता. तो हॉलभर पसरून सोफ्याखालच्या गुंड्यापर्यंत गेला होता.

मिस्त्री खाली बसला. पोटावर आडवा झाला, गाल फरशीला टेकवला आणि फटीत पाहिलं. आत खोली नव्हती. अंधारही म्हणता येणार नाही असं काहीतरी जवळ, अगदी जवळ होतं. लोकरीसारखं, की केसांसारखं. ते जरा वर गेलं आणि जरा खाली आलं.

तेवढ्यात धागा ताणला गेला. वीतभर आत गेला. थांबला. सोफ्याखाली गुंडा एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळला. पुन्हा वीतभर.

"आत्या," तो फटीत कुजबुजला. "आत्या, मी आलोय. माझ्या घरी चला."

धागा थांबला. मिस्त्रीने श्वास रोखला. बराच वेळ काही झालं नाही. मग धागा पुन्हा हळूहळू, एका लयीत, आत जायला लागला.

त्याने छिन्नी आणली. भिंतीवर घातली. पहिल्याच घावात रंगाचा पापुद्रा उडाला, त्याखाली प्लास्टर, प्लास्टरखाली वीट. दुसरा घाव, तिसरा. विटेमागे वीट. मेहुणा धावत आला, त्याने मागून त्याचे हात धरले. "दाजी, वेड लागलं का? लोकांच्या घरात आहात!" ताई आल्या, साहेब आले. मोठ्या उजळ हॉलमध्ये तिघं त्याच्याकडे कीव करत पाहत होती. साहेबांनी त्याला खुर्ची दिली. ताईंनी पाणी दिलं. माणसं वाईट नव्हती.

"दमलेत हो ते," ताई मेहुण्याला म्हणाल्या. "एवढा कोपरा नीट करा आणि घेऊन जा त्यांना. आणि तो दोरा कसला लोंबतोय तो कापून टाका. फट बुजवा, नाहीतर मुंग्या येतात."

मेहुणा कात्री शोधायला वळला, तेव्हा मिस्त्री उठला.

"मी करतो," तो म्हणाला.

असं का म्हणालो, हे त्याला पुढे कधी सांगता आलं नाही. निदान ओळखीच्या हाताने व्हावं, असं वाटलं असेल. की उघडी फट सहन होत नव्हती? त्याने धागा चिमटीत धरला. पलीकडून ओढ होती, मासा गळाला लागल्यावर असते तशी बारीक, जिवंत. त्याने कात्री लावली. सुटलेलं टोक सरसर आत गेलं.

मग त्याने लांबी कालवली, फट भरली, वरून लोखंडी पत्री फिरवली, उकरलेली वीट सारखी केली. सुकायची वाट पाहिली. रंगाचा पहिला हात दिला. दुसरा हात दिला. कान भिंतीला लागून होता तोवर आत टकटक चालू होती. धागा संपल्यावरही थोडा वेळ सुया नुसत्याच चालत होत्या.

या वेळी रंग बरोबर पुरला.

८

संध्याकाळी घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. प्लास्टिकची चादर, चार शब्द, कात्री, सगळं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हळूहळू तिचे हात थांबले. या वेळी तिने थट्टा केली नाही. हे खरं कसं असेल, असंही विचारलं नाही.

तिने एवढंच विचारलं, "मग त्या सोफ्यावर होत्या तेव्हाच इकडे का नाही घेऊन आलात?"

"इथे जागा कुठे आहे?" मिस्त्री म्हणाला.

बायकोने हातातली घडी खाली ठेवली. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून खोलीच्या कोपऱ्यात तिची कॉट होती आणि तिच्यावर रिकामे डबे, झिजलेले ब्रश, जुने कपडे साठले होते. बायको उठून तिथे गेली. एकेक डबा उचलून खाली ठेवायला लागली.

"काय करतेस?"

तिने झिजलेले ब्रश एका डब्यात कोंबले. सगळं सामान उतरवलं. फडकं ओलं करून कॉट पुसली. घडीची चादर काढून अंथरली, उशीला अभ्रा चढवला, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला. माणूस पाय लांब करून झोपेल एवढी जागा होती. कुशीवर वळला तरी पुरेल एवढी.

मग ती जमिनीवर बसली आणि त्या कॉटकडे बघत राहिली. मिस्त्रीला तिकडे बघवेना. पण एवढ्याशा घरात दुसरीकडे बघायला भिंतींशिवाय काही नव्हतं.